ताप आलेलं मूल घरी राहू शकेल, अशी शाळा

देवगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं आहे: "आमची पहिली ते सातवीची शाळा, पट ४२, शिक्षक तीन. गेल्या वर्षी गणपतीची सुट्टी संपून शाळा भरली आणि दहा दिवसांत निम्म्याहून जास्त मुलं सर्दी, खोकला, तापाने आडवी झाली. एका मुलाच्या आजीला न्यूमोनिया झाला, तिला जिल्हा रुग्णालयात हलवावं लागलं. आम्ही सॅनिटायझर आणला, मास्क वाटले, फवारणीसाठी ग्रामपंचायतीला पत्र दिलं. यंदा असं होऊ नये म्हणून आधीपासून काय करावं?"

बाई, तुमच्या पत्रातलं आजीबद्दलचं वाक्य मी दोनदा वाचलं. फ्लू शाळेत पसरतो, पण जिवावर बेततो तो बहुतेक वेळा घरी. मूल चार-पाच दिवस अंथरुणात राहतं आणि उठून खेळायला लागतं. त्याच घरातली सत्तरीची, मधुमेह असलेली आजी मात्र त्यातून सहज उठत नाही. आपल्याकडे आईबाप मुंबईला आणि नातवंडं आजी-आजोबांकडे, अशी किती घरं आहेत हे तुमच्या हजेरीपटावरूनच तुम्हाला ठाऊक असेल. त्यामुळे शाळेत फ्लू रोखायचा म्हणजे वाडीतली म्हातारी माणसं जपायची, असंच मी धरून चालतो.

या किनाऱ्यावर मुलांचा डॉक्टर म्हणून मला २६ वर्षं झाली. या काळात माझं एक मत पक्कं झालं आहे. शाळेतल्या फ्लूवरचा सगळ्यात मोठा उपाय बाटलीत मिळत नाही. ताप आलेलं मूल घरी राहिलं पाहिजे, आणि ते घरी राहू शकेल अशी सोय शाळेने करून दिली पाहिजे. खिडक्या, साबण, लस हे सगळं महत्त्वाचं आहेच, त्यावर पुढे लिहितो. पण पहिली गोष्ट जमली नाही तर बाकीच्यांचा जोर अर्धाच राहतो.

गेल्या पावसाळ्यातली एक दुपार सांगतो. एक आजी दुसरीतल्या नातवाला घेऊन आली. पोरगा गणवेशातच होता, चड्डी गुडघ्यापर्यंत भिजलेली, डोळे तांबूस, मान आजीच्या खांद्यावर टाकलेली. काखेत थर्मामीटर लावला तर १०३. मी विचारलं, सकाळी किती होता? आजी म्हणाली, "सकाळी ताप नाय होतो, डॉक्टरानू. रातचो होतो. औषध दिलंय, उतारलो, म्हणान शाळेत धाडलंय. आज चाचणी मा ह्येची." पिशवीतून तिने औषधाची बाटली काढली. मोजायचं छोटं माप हरवलं होतं, बाटलीच्या झाकणाने ती औषध देत होती. मी पोराला विचारलं, बसकरपट्टीवर तुझ्या बाजूला कोण कोण बसतं? त्याने बोटं मोडत तीन नावं सांगितली, आणि त्यातल्या एकाच्या बाटलीतलं पाणी प्यायलो हेही सांगितलं. त्याच आठवड्यात त्या तिघांपैकी दोघं माझ्या बाकावर बसलेली होती.

आजीचं चुकलं असं मला त्या दिवशीही वाटलं नाही. तिने नातवाची चाचणी बुडू दिली नाही. पण पॅरासिटामॉल ताप उतरवतं, विषाणूला हात लावत नाही. औषधाचा अंमल चार ते सहा तास. म्हणजे मूल परिपाठाला ताजंतवानं दिसतं, खिचडीच्या वेळेला मलूल होतं, आणि मधल्या वेळात वर्गभर विषाणू वाटून मोकळं होतं.

आता विषाणूची चाल समजून घ्या, कारण नियम त्यावरूनच ठरतात. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत, बहुधा दुसऱ्या दिवशी, ताप येतो. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच मूल दुसऱ्याला आजार देऊ शकतं. पहिले तीन दिवस सगळ्यात जास्त, पुढे साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत कमी कमी होत जातं. लहान मुलं मोठ्या माणसांपेक्षा जास्त दिवस विषाणू सोडत राहतात. तो आदला दिवस कोणाच्याच हातात नाही. म्हणून शाळेत फ्लू येणारच नाही असं वचन मी देऊ शकत नाही. पण ज्या तीन दिवसांत मूल सगळ्यात जास्त पसरवतं ते तीन दिवस त्याच्या अंगात ताप असतो, आणि ताप ओळखता येतो. आपली पकड तिथे आहे.

म्हणून जूनच्या पहिल्या पालकसभेत एकच नियम सांगा आणि फळ्यावर लिहून ठेवा: ताप असेल तर शाळा नाही, आणि औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही की मगच शाळा. मागे उरणारा खोकला दोन आठवडेही रेंगाळतो, त्यासाठी मुलाला घरी बसवायची गरज नाही.

नियम सांगणं सोपं आहे. तो पाळता यावा म्हणून शाळेला स्वतःच्या काही सवयी सोडाव्या लागतील, आणि इथे मी जरा आग्रहाने लिहितो. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस पावसाळ्यात देऊ नका. २६ जानेवारीला मंचावर जाऊन कंपास घ्यायची हौस असलेलं मूल ताप लपवतं, हे मी मुलांच्याच तोंडून ऐकलं आहे. द्यायचंच असेल तर तापाच्या रजा त्यातून वगळा. चाचणी बुडाली तर ती पुढच्या आठवड्यात घेऊ, हे पालकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे सकाळी औषध पाजून पाठवायचं कारणच उरणार नाही. परत येताना डॉक्टरचा दाखला मागू नका. दाखल्यासाठी बरं झालेलं मूल आणि त्याची आजी माझ्या दवाखान्यात तासभर तापाच्या दहा रुग्णांमध्ये बसतात. त्यापेक्षा पालकाचा फोन पुरे. अभ्यास मागे पडेल ही भीती असते, तर शेजारच्या घरातल्या मुलाच्या हाती वही पाठवा.

सगळ्यात अवघड प्रश्न घरी बघायला कोणी नाही हा आहे. आई काजूच्या कारखान्यात किंवा जेटीवर मासळी निवडायला, आजी लावणीला. रोज बुडवणं परवडत नाही. याला माझ्याकडे एकच चालणारं उत्तर आहे, आणि ते तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीतून निघू शकतं: प्रत्येक वाडीतल्या दोन-तीन घरांनी आपसात ठरवून ठेवायचं की अमक्याचं पोर आजारी पडलं तर तमकी काकी बघेल. बघणारी काकी तरुण आणि धडधाकट हवी. तापाचं मूल दम्याच्या आजोबांकडे सोडलं तर आपण एक दार लावून दुसरं उघडलं.

शाळेत असताना ताप आला तर? मुलाला वर्गातून उठवून पडवीत, वारा येईल अशा जागी बसवा, मास्क लावा, पाणी द्या, घरी फोन करा. न्यायला मोठं माणूस येईपर्यंत सोडू नका. तापातल्या मुलाला भर पावसात एकट्याने साकव ओलांडून घरी पाठवण्याचा धोका फ्लूपेक्षा मोठा आहे. शाळेत एक डिजिटल थर्मामीटर ठेवा. काखेत १०० किंवा त्याहून जास्त दाखवला की ताप समजा. प्रत्येक मुलानंतर टोक साबणाच्या पाण्याने पुसून घ्या.

आता खिडक्या. जुन्या कौलारू, चिऱ्याच्या शाळांत कौलांच्या फटींतून हवा खेळते. नव्या स्लॅबच्या खोल्यांत तसं नाही, आणि आपल्याकडे पाऊस सुरू झाला की झड आत येते म्हणून सगळ्या खिडक्या बंद, पडवीला प्लॅस्टिक, वर पंखा. बंद खोलीत पंखा फक्त तीच हवा फिरवत राहतो. त्यात एखादी खोली गळत असेल तर तीन वर्ग एकाच खोलीत. खोकताना-बोलताना उडणारे मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली बसतात, पण अगदी बारीक थेंब कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात आणि सगळेजण तेच ओढतात.

पावसाळी वारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. म्हणून समुद्राकडच्या खिडक्या लावल्या तरी पूर्वेकडच्या खिडक्या आणि दार उघडी ठेवता येतात, आणि बहुतेक दिवस झड तिकडून येत नाही. पश्चिमेकडची वरची झडप असेल तर तीही किलकिली ठेवा, हवा आरपार जाईल. कुठली खिडकी कुठल्या पावसात उघडी राहू शकते हे सातवीच्या मुलांना एका आठवड्यात पाठ होतं, त्यांनाच ते काम द्या. उघडीप मिळाली की वर्ग पडवीत काढा. कविता, पाढे, गाणी, म्हणजे जिथे मुलं मोठ्याने तोंड उघडतात ते सगळं बाहेर. साथीच्या दिवसांत मुलांना गोलात समोरासमोर बसवण्याऐवजी एकाच दिशेला तोंड करून बसवा, बसकरपट्टीवर जमेल तेवढं अंतर सोडा. शाळेच्या रिक्षावाल्या दादांना एका बाजूचा पडदा वर ठेवायला सांगा.

इथेच एक गैरसमज दूर करतो. "पावसात भिजला म्हणून ताप आला" हे आपल्या घराघरांत म्हणतात. फ्लू भिजल्याने होत नाही, विषाणूने होतो. पाऊस आपल्याला दारं-खिडक्या लावून एकमेकांजवळ कोंबतो, आणि विषाणूला तेच हवं असतं. देशाच्या आपल्या भागात फ्लूचा जोर जून-जुलैपासून सप्टेंबरपर्यंत असतो आणि पुन्हा थोडा जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो. भिजलेल्या मुलाला कोरडं जरूर करा, ओल्या कपड्यांत दिवसभर बसवू नका. पण छत्री घेतली म्हणजे फ्लू टळला असं समजू नका.

हात धुण्याबद्दल तुम्हाला नवं काही सांगायला नको, फक्त दोन गोष्टी. विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणाने विरघळतं, म्हणून साधा साबण पुरतो. पण त्याला २० सेकंद तरी लागतात. मुलांना सेकंद मोजता येत नाहीत, बेचा पाढा येतो. हात चोळत पाढा दोनदा म्हणा, वेळ भरते. साबण हरवतो, चिखलात पडतो, म्हणून वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा. नळ नसेल तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात साबणाचं पाणी भरून ठेवा. खिचडीच्या आधी आणि नाक पुसल्यावर, एवढ्या दोन वेळा पक्क्या झाल्या तरी मी समाधानी आहे. टेबल, कडी, नळाची चावी अशा कठीण गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो. रोज एकदा त्या साबणाच्या पाण्याने पुसा. सॅनिटायझर वाईट नाही, पण चिखलाच्या हातांवर तो काम करत नाही, आणि पावसाळ्यात आपल्या मुलांचे हात कधी स्वच्छ असतात? तो पैसा साबणावर खर्च करा.

पाण्याच्या हंड्यातला एकच पेला, थुंकी लावून पुसलेली पाटी, खेळाच्या तासाची एकच शिट्टी, मित्राची बाटली. या गोष्टी छोट्या दिसतात, पण मुलं एकमेकांच्या तोंडापर्यंत पोचतात ती यांतूनच. पाटी पुसायला ओलं फडकं द्या. पाणी ज्याच्या त्याच्या पेल्यात वरून ओतून द्या, नाहीतर ओंजळीने पिऊ द्या. आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना ताप असेल तर त्या दिवशी त्यांनी चुलीजवळ येऊ नये. त्यांचा दिवस बुडू नये याची काळजी समितीने घ्यावी.

मास्क खोकणाऱ्या मुलाला आणि मोठ्यांना उपयोगी पडतो. पहिली-दुसरीची मुलं तो हनुवटीवर घालतात, अदलाबदल करतात, आणि पावसात तो भिजून चिंब होतो. ओला मास्क काढून टाकावा. लहानांना कोपरात तोंड खुपसून खोकायला शिकवा, शर्टाला रुमाल टाचा. त्याचा फायदा जास्त होतो.

फवारणीचं पत्र मागे घ्या. धुराची फवारणी डासांसाठी असते, फ्लूशी तिचा संबंध नाही. गळ्यात कापराची पुडी बांधायची पद्धत २००९ च्या स्वाइन फ्लूपासून आपल्याकडे रुजली. तिने फ्लू थांबत नाही. उलट एखाद्या लहानग्याने तो कापूर तोंडात टाकला तर झटके येतात. गरम पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाफ देऊ नका. फ्लूपायी दगावलेली मुलं मी फार थोडी पाहिली आहेत, पण पातेलं अंगावर उलटून भाजलेली पोरं दर पावसाळ्यात येतात.

गणपतीचं काय, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न. चाकरमानी गाड्या भरभरून येतात, एका घरात पंधरा-वीस माणसं झोपतात, घरोघर आरती, भजन, फुगड्या. बंद खोलीत रात्री दोन वाजेपर्यंत मोठ्याने गाणं होतं. त्याच दिवसांत मुंबईत आणि पुण्यात फ्लूचा हंगाम चालू असतो. १९१८ साली जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला आणि तिथून देशभर गेला, महाराष्ट्रात लोक त्याला मानमोडी म्हणायचे. आजचा फ्लू तेवढा घातक नाही, पण येण्याची वाट तीच आहे. सण कमी करा असं मी कोणाला सांगत नाही, सांगितलं तरी कोणी ऐकणार नाही आणि ऐकू नये. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुलांच्या वहीत एवढंच लिहून पाठवा: पाहुण्यांपैकी कोणाला ताप-खोकला असेल तर त्याचं अंथरूण वेगळं, तान्हं बाळ त्याच्या मांडीवर नको, आजीच्या खोलीत तो झोपायला नको, आणि भजनाला खिडक्या उघड्या.

शाळा पुन्हा भरली की पहिले दहा दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. परिपाठ उघड्यावर किंवा पडवीत, वर्ग एकत्र बसवायचे नाहीत, स्पर्धा आणि मेळावे पुढे ढकलायचे. दारात प्रत्येक मुलाकडे नीट पाहायचं. वर्गशिक्षकाला मूल नेहमीसारखं आहे की नाही हे थर्मामीटरच्या आधी कळतं.

तुमच्या हातात आणखी एक साधन आहे, ते म्हणजे हजेरीपट. गैरहजर मुलापुढे तापामुळे असेल तर पेन्सिलीने "ता" लिहा. एका वर्गात आठवड्यात तीन "ता" दिसले की उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला किंवा आशाताईंना त्याच दिवशी फोन करा. त्यांना तुमच्याआधी कळायला दुसरा मार्ग नाही. गरज वाटली तर एक-दोन मुलांच्या घशाचा नमुना घेतला जाईल. प्रत्येक मुलाची तपासणी करायची गरज नसते, साथ कशाची आहे ते कळलं की पुरे.

कारण आपल्या भागात पावसातला प्रत्येक ताप फ्लूचा नसतो, आणि बाई, हा भाग कृपया सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवा. फ्लूमध्ये एकाएकी ताप, अंगदुखी, घसा, कोरडा खोकला, नाक वाहणं. मुलांना कधी उलट्या-जुलाबही होतात. एका घरातून दुसऱ्या घरात तो भराभर जातो. खोकला-सर्दी अजिबात नसताना ताप आला, डोळ्यांमागे दुखतंय, अंगावर पुरळ आहे, तर डेंग्यूचा विचार करा. भातशेतीत, चिखलपाण्यात वावरलेल्या मुलाला जोराचा ताप, लाल डोळे, पोटऱ्या दाबल्या तरी कळवळतो, लघवी कमी, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) असू शकतो, आणि तिथे वाट बघायची नाही.

पोटऱ्यांवरून एक बारकावा. फ्लूनंतरही काही मुलांच्या पोटऱ्या दुखतात, विशेषतः बी प्रकारच्या फ्लूत. पण त्या दुखतात ताप उतरत आल्यावर. सकाळी मूल उठतं आणि चालायलाच तयार नसतं, नाहीतर चवड्यांवर चालतं. घरचे घाबरतात, लकवा झाला म्हणतात. हे बहुधा आठवड्याभरात आपोआप बरं होतं. लेप्टोत पोटऱ्या सुरुवातीपासून, ऐन तापात दुखतात. लघवी चहासारखी काळपट झाली तर दोन्हीपैकी काहीही असो, दवाखाना गाठायचा.

थांबायचं नाही अशी आणखी लक्षणं: श्वास जोरात चालणं (पाच वर्षांवरचं मूल शांत बसलेलं असताना मिनिटाला ३० च्या वर), बरगड्या आत ओढल्या जाणं, ओठ-नखं निळसर, छातीत दुखणं, मूल पेंगुळलेलं, पाणी-पेज काहीच न घेणं, झटका येणं, आणि ताप उतरून एक-दोन दिवस बरं वाटल्यावर पुन्हा चढणं. हे शेवटचं लोक सोडून देतात, पण न्यूमोनिया असाच येतो. अशा वेळी १०८ ला फोन करा. दम्याची, हृदयविकाराची, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुलं कोण आहेत याची यादी जूनमध्येच करून ठेवा. त्यांना ताप आला की पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा, कारण फ्लूचं औषध, ओसेल्टामिविर, पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त लागू पडतं. साध्या फ्लूच्या धडधाकट मुलाला ते बहुधा लागत नाही.

घरच्या उपचारांत पेज, पाणी, झोप आणि पॅरासिटामॉल. २० किलोच्या मुलाला एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटलीवरचा आकडा वाचायला सांगा, कारण पाच मिलिलिटरमध्ये कुठे १२५ असतं, कुठे २५०, आणि झाकणाने मोजणाऱ्या आजीला दोन्ही सारखंच दिसतं. मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीही नको, फ्लूत त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेनही नको. गेल्या खेपेच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या विषाणूवर चालत नाहीत.

लसीबद्दल पालक विचारतील. ती सहा महिन्यांवरच्या सगळ्यांना चालते. पहिल्यांदा घेणाऱ्या नऊ वर्षांखालच्या मुलाला चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, पुढे दर वर्षी एक. असर व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून आपल्याकडे मे महिना उत्तम. पूर्ण बचाव होत नाही, पण आजार सौम्य राहतो. सरकारी नियमित लसीकरणात ती नाही आणि बाहेर महाग पडते, म्हणून सगळ्या मुलांना द्या असं मी म्हणणार नाही. आधी पाच वर्षांखालची आणि दम्याची मुलं, गरोदर बायका, घरातली मधुमेहाची आणि दम्याची म्हातारी माणसं, आणि तुम्ही तिन्ही शिक्षक. गरोदर बायकांसाठी आधी सरकारी दवाखान्यात चौकशी करा. जपानने १९६२ पासून शाळकरी मुलांना ही लस दिली, १९७७ मध्ये सक्तीची केली, १९८७ मध्ये सक्ती सैल केली आणि १९९४ साली कार्यक्रमच थांबवला. अभ्यासकांनी नंतर १९४९ ते १९९८ च्या मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या तेव्हा दिसलं की मुलांना लस मिळत होती तोवर वर्षाला साधारण ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते, आणि ते बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे होते. लस थांबली, मृत्यू पुन्हा वाढले. आपली वाडी आणि जपान यांत बाकी कशाचं साम्य नसेल, पण नातवाकडून आजीकडे जाणारी वाट सारखीच आहे.

शाळा बंद ठेवावी का? २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, तो त्या साथीतला देशातला पहिला, आणि तिथल्या शाळा बंद ठेवल्या गेल्या. नवा विषाणू, कोणाच्याच अंगात प्रतिकार नाही, अशा वेळी ते ठीक होतं. दर वर्षीच्या फ्लूत मला ते पटत नाही. निम्मी मुलं आजारी पडल्यावर शाळा बंद करून विषाणूचं काही अडत नाही. बरी मुलं मैदानात एकत्र येतातच, आणि खिचडी तेवढी बुडते. तो निर्णय वरच्या कार्यालयावर सोडा.

गेल्या वर्षीच्या त्या आजींची तब्येत आता कशी आहे ते कळवा. मे महिन्यात त्यांना लस द्यायची आहे हे त्यांच्या मुलाला मुंबईला फोन करून आत्ताच सांगा, म्हणजे पैशांची सोय होईल. पालकसभेची तारीख ठरली की मलाही सांगा. शनिवार असेल तर मी येईन, आणि थर्मामीटर काखेत कसा धरायचा, औषध मापाने कसं मोजायचं, हे आज्यांना समोर बसवून दाखवीन. मापं मी आणतो.